लेक पॉवेलवर पहिल्यांदा वेकबोर्डिंगला जाताना

सहलीचं वेळापत्रक आखायला बसाल तेव्हा कागदावर सगळ्यात आधी हे लिहा: सकाळी साडेसहा ते दहा. अमेरिकेतल्या लेक पॉवेलवर नवशिक्याला वेकबोर्ड (बोटीमागे दोर धरून, पायांना बांधलेल्या फळीवर उभं राहून पाण्यावरून घसरत जायचा खेळ) शिकता येतं ते या साडेतीन तासांत. दहानंतर वारा उठतो, बोटी वाढतात, पाणी खळबळायला लागतं आणि बोर्डवर नुकतं उभं राहायला शिकलेल्या माणसाला लाटांचे दणकेच जास्त बसतात. बोट कधी ताब्यात घ्यायची, मुक्काम कुठे करायचा, आदल्या रात्री किती वाजता झोपायचं, हे सगळं या साडेतीन तासांच्या मागून ठरवायचं. आम्ही फिनिक्सहून गेली काही वर्षं जातोय. दर वेळी सोबत कुणीतरी पहिल्यांदाच येणारं असतं आणि त्यांचे प्रश्न तेच असतात, म्हणून हे सविस्तर लिहून काढलं.

आधी तळं समजून घ्या

लेक पॉवेल हे ॲरिझोना आणि युटा यांच्या सीमेवर कोलोरॅडो नदी अडवून केलेलं धरणाचं पाणी आहे. ग्लेन कॅनियन धरणाचं काम १९५६ मध्ये सुरू झालं, १९६३ मध्ये पाणी अडायला लागलं आणि जलाशय पहिल्यांदा काठोकाठ भरायला १९८० उजाडलं. धरण भरलेलं असताना पाणी १८६ मैल आत जातं आणि दोन्ही बाजूंच्या शेकडो घळींमध्ये शिरतं. नकाशावर ते तळ्यासारखं दिसतच नाही, झाडाच्या मुळांसारखं दिसतं.

भरलेल्या धरणाची पातळी समुद्रसपाटीपासून ३७०० फूट. २०२३ च्या वसंतात ती ३५२० फुटांच्याही किंचित खाली गेली होती, म्हणजे १८० फूट पाणी कमी. लाल कड्यांवर जो पांढरा पट्टा दिसतो तो जुन्या पातळीची खूण आहे. उन्हाळ्यात उजनीचं पाणी ओसरलं की पळसदेवचं देऊळ वर येतं, तसे इथे बुडालेले खडक, वाळूचे दांडे, अख्ख्या टेकड्या वर येतात. आणि काही येता येता पाण्याखाली दोन फुटांवर थांबतात, ते सगळ्यात वाईट. मागच्या वर्षी जिथून भरधाव बोट नेली तिथे या वर्षी खडक असू शकतो. म्हणून निघायच्या आठवड्यात पाण्याची पातळी बघायची. ती रोजच्या रोज जाहीर होते. बोट पाण्यात सोडायचा कुठला उतार चालू आहे, कुठला बंद, हेही पातळीवरच ठरतं.

पहिल्या सहलीला पेज या गावाजवळचा वाहवीपचा भाग घ्या. पेज हे धरणाच्या कामगारांसाठी १९५७ मध्ये वसवलेलं गाव, तिथे दुकानं, हॉटेलं, दवाखाना सगळं आहे. बुलफ्रॉग वगैरे वरची ठिकाणं सुंदर आहेत, पण फार आडबाजूला. फिनिक्सहून फ्लॅगस्टाफमार्गे पेज साधारण २७५ मैल, साडेचार तास. लास व्हेगासहूनही जवळपास तेवढंच. भारतातून येणाऱ्यांनी यापैकी एका शहरात उतरून एक रात्र झोप काढावी. जेट लॅग अंगात असताना बोटीमागे दोर धरायला जाऊ नये.

महिना

माझं मत विचाराल तर लेबर डे उलटल्यानंतरचे दोन-तीन आठवडे. सप्टेंबरचा पहिला सोमवार गेला की शाळा-कॉलेजांची गर्दी ओसरते, भाडी उतरतात, पाणी मात्र उन्हाळाभर तापलेलं असतं. मे महिन्यात ऊन छान असतं म्हणून लोक फसतात. पाणी तेव्हा अजून बर्फाच्या वितळीचं, हुडहुडी भरवणारं असतं, आणि वसंतातला वारा वेगळाच. जुलै-ऑगस्टमध्ये पाणी ७५ ते ८० फॅरनहाइट, म्हणजे २४ ते २७ सेल्सिअसपर्यंत जातं, पोहायला झकास. पण गर्दी मरणाची, आणि तो इथल्या मान्सूनचा काळ. हो, इथेही त्याला मान्सूनच म्हणतात. आपल्यासारखी झड लागत नाही. दुपारी आभाळ काळं होतं, विजा पडतात, वीस मिनिटांत वादळ येऊन जातं. पाऊस तुमच्या डोक्यावर पडायला हवा असंही नाही. १२ ऑगस्ट १९९७ ला कित्येक मैल लांब पडलेल्या पावसाचा लोंढा पेजजवळच्या अँटिलोप कॅनियनच्या घळीत आला आणि ११ जण गेले. त्या दिवसांत अरुंद घळीच्या तोंडाशी मुक्काम ठोकू नका आणि दूरवर गडगडलं तरी पाण्याबाहेर या.

घड्याळ

याला मी मुद्दाम वेगळं शीर्षक दिलंय. ॲरिझोना उन्हाळ्यात घड्याळ पुढे करत नाही. युटा करतो. नवाहो लोकांची भूमी ॲरिझोनात असूनही करते. पेजच्या आसपास हे तिन्ही एकमेकांना खेटून आहेत, त्यामुळे मोबाइल कुठला टॉवर पकडेल त्याप्रमाणे एक तास पुढे-मागे उड्या मारतो. आमच्या दुसऱ्या सहलीत रात्री लावलेला गजर एक तास उशिरा वाजला. बोट ताब्यात घेईपर्यंत नऊ वाजले आणि पहिल्यांदा आलेल्या दोघांच्या वाट्याला सगळं फुटलेलं पाणी आलं. आता आम्ही मनगटावर साधं घड्याळ ठेवतो आणि आरक्षण करतानाच विचारून घेतो, ‘तुमचे सात म्हणजे कुठले सात?’

शक्य असेल तर बोट आदल्या दुपारीच ताब्यात घ्या. सकाळचा अर्धा तास सह्या, सूचना आणि सामान चढवण्यात जातो.

बोट कोणती, मुक्काम कुठे

वेकबोर्डसाठी उत्तम ती बुडाखाली पंखा असलेली, वर दोर बांधायला टॉवर असलेली खास बोट. टॉवरमुळे ओढ वरून मिळते आणि माणूस सहज पाण्याबाहेर येतो. भाड्याने मिळते, पण संख्या मोजकी, म्हणून दोन-तीन महिने आधी सांगून ठेवावं. नाही मिळाली तर साधी इंजिनवाली बोट चालते, फक्त तिचा पंखा मागे बाहेर असतो, तेव्हा मागून चढता-उतरताना इंजिन पूर्ण बंद हवं. खास बोटीत पाणी भरून वजन वाढवायच्या टाक्या असतात, त्याने मागची लाट उंच होते. पहिल्या दिवशी टाक्या रिकाम्याच ठेवा. भाड्याच्या माणसाने मोठ्या कौतुकाने भरून दाखवल्या तरी रिकाम्या करायला सांगा. नवशिक्याला लाट लहान हवी.

हाउसबोटीचा मोह सगळ्यांना होतो. आठ-दहा जण असाल, तीन-चार दिवस असतील तर जरूर घ्या. दोन दिवसांच्या पहिल्या सहलीला मी सांगेन, पेजमध्ये हॉटेल घ्या किंवा वाहवीपला तंबू लावा आणि रोज सकाळी बोटीने जा. लोन रॉकच्या किनाऱ्यावर गाडी थेट पाण्यापर्यंत नेता येते, पण वाळू फसवी आहे. चारही चाकांना जोर नसलेली गाडी तिथे रुतते आणि सकाळ ती ओढून काढण्यात जाते. किनाऱ्यावर राहणार असाल तर स्वतःचं पोर्टेबल शौचालय सोबत नेणं आणि मैला परत आणणं सक्तीचं आहे.

तळ्याचा परिसर राष्ट्रीय उद्यान विभागाच्या हद्दीत येतो, तिथे शिरताना गाडीची आणि बोटीची फी वेगवेगळी असते. राष्ट्रीय उद्यानांचा वार्षिक पास असेल तर गाडीचे पैसे वाचतात, बोटीचे नाही.

सहलीच्या आधी घरी करायची गोष्ट

पोहता येतं का, हे प्रत्येकाला स्पष्ट विचारा. आपल्यात ‘येतं थोडंफार’ म्हणायची पद्धत आहे, ते उत्तर धरू नका. पट्टीचं पोहता आलंच पाहिजे असं नाही, अंगावर जॅकेट असतंच. पण चेहऱ्यावर पाणी आल्यावर, तळ लागत नाही हे कळल्यावर माणूस घाबरतो का, हे आधी कळायला हवं. जवळच्या तलावात जॅकेट घालून अर्धा तास उताणं तरंगायला लावा.

मग सराव. बोर्ड असेल तर हिरवळीवर ठेवा, नसेल तर जाड गालिच्यावर नुसतं बसा. गुडघे छातीशी, टाचा बुडाशी, हात सरळ. समोरच्याने ओढणीचं एक टोक धरायचं, दुसरं तुम्ही. त्याने सावकाश ओढायचं. तुम्ही हाताने ओढायचं नाही, पाय ताणायचे नाहीत, उकिडवे बसल्यागत राहून ओढ वर नेईल तसं वर जायचं. दहा वेळा केलं की अंगाला कळतं. कुठला पाय पुढे ठेवायचा हेही घरीच ठरवा: डोळे मिटून उभं राहा, मागून कुणाला तरी हलकेच ढकलायला सांगा, जो पाय आपोआप पुढे पडतो तो बहुतेक तुमचा पुढचा पाय.

पाण्यावरची जागा निवडणं

पॉवेलवर नवीन बोटवाले इथेच चुकतात. अरुंद घळीत वारा लागत नाही म्हणून सगळे तिकडे धावतात. सकाळी पहिली बोट तुमची असेल तर तिथे खरंच आरसा असतो. पण दोन्ही बाजूंना उभे कडे. एका बोटीची लाट कड्यावर आपटून परत येते, पुन्हा समोरच्या कड्यावर जाते, आणि तिसरी बोट येईपर्यंत पाणी कपडे धुण्याच्या यंत्रासारखं घुसळायला लागतं. ते निवायला बराच वेळ लागतो. शिवाय घळीच्या वळणापलीकडून येणारी बोट दिसत नाही. शिकायला अशी खाडी शोधा जिचे काठ उतरते, वाळूचे आहेत. वाळूवर लाट चढते आणि विरते. वाहवीपच्या खाडीतच लोन रॉकच्या बाजूला, आणि पुढे वॉर्म क्रीकमध्ये अशा जागा सापडतात. कॅसल रॉकपाशी पाण्यातून जाणारा जवळचा मार्ग पाण्याची पातळी पुरेशी असेल तरच खुला असतो. नसेल तर मुख्य पात्रातून लांबचा वळसा पडतो, पेट्रोल आणि वेळ त्या हिशेबाने धरा. मुख्य पात्रातल्या खुणेच्या तरंगत्या बोयांवर धरणापासूनच्या मैलांचे आकडे असतात. जाताना ते वहीत लिहीत जा, कारण परतताना सगळे लाल कडे सारखेच दिसतात.

निवडलेल्या पट्ट्यातून आधी एकदा सावकाश जाऊन या, डोळे पाण्यावर आणि खोली दाखवणाऱ्या यंत्रावर. मगच दोर सोडा.

मोबाइलला मरिनापासून (बोटींच्या धक्क्यापासून) थोडं लांब गेलं की बहुतेक ठिकाणी सिग्नल नसतो. बोटीवर रेडिओ आहे का बघा आणि मदतीसाठी १६ नंबरचा चॅनेल कसा लावायचा हे किमान दोघांना दाखवून ठेवा. पेट्रोलचा एक तृतीयांश जाताना, एक तृतीयांश येताना, उरलेला हात न लावता.

बोटीवरची माणसं आणि शब्द

चालवणारा वेगळा, मागे बघणारा वेगळा. मागे बघणारा बारा वर्षांहून लहान चालत नाही. त्याच्या हातात नारिंगी झेंडा, पाण्यात पडलेलं माणूस असेपर्यंत वर धरलेला. ओढल्या जाणाऱ्याच्या अंगावर मान्यताप्राप्त लाइफ जॅकेट हवंच, फुगवायचं किंवा नुसतं दिसायला छान असलेलं पातळ जॅकेट नको. सूर्य मावळल्यापासून उगवेपर्यंत कुणाला ओढायचं नाही. बिअर दोर गुंडाळल्यानंतर, तीही चालवणाऱ्याला नाही.

खुणा ठरवा: अंगठा वर म्हणजे वेग वाढव, खाली म्हणजे कमी कर, गळ्यावरून हात फिरवला की थांब, डोक्यावर थाप म्हणजे परत चला. आणि शब्दही ठरवा. आमच्या बोटीवर सुरुवातीला ‘ओढ’ आणि ‘सोड’ असे दोन शब्द होते. इंजिनाच्या आवाजात दोन्ही सारखेच ऐकू येतात, आणि अर्थ नेमका उलटा. तेव्हापासून ‘चल’ आणि ‘थांब’ एवढंच.

एक गोष्ट जीव ओतून सांगतो. चालू इंजिनाच्या किंवा हाउसबोटीच्या जनरेटरच्या मागे पाण्यात कुणीही बसू नये, पोहू नये, मागच्या फळीला लोंबकळू नये. धुरातला कार्बन मोनॉक्साइड पाण्याच्या पृष्ठभागाजवळ साचतो. त्याला वास नाही, रंग नाही. २००० सालच्या ऑगस्टमध्ये याच तळ्यावर हाउसबोटीमागे पोहणारे दोन लहान भाऊ असे गेले. मुलं मागच्या फळीवर गेली की आधी इंजिन बंद करा.

उभं राहणं

दोर ४५ ते ५० फूट, जास्त नको. जवळ असलं की ओढ वरून येते. पाण्यात उतरल्यावर घाई न करता उताणे तरंगा, बोर्ड तुमच्यासमोर आडवा, त्याची कड पाण्याबाहेर. गुडघे छातीला, हात गुडघ्यांच्या बाहेरून सरळ, दोराच्या टोकाची मूठ दोन्ही हातांनी वरून धरलेली. बोट मुंगीच्या पावलाने पुढे जाऊ दे, दोर ताठ होऊ दे. मग ‘चल’.

इथे चालवणाऱ्याचा हात महत्त्वाचा. एकदम वेगाचा दांडा ढकलला तर मूठ हातातून निसटते. तीन मोजेपर्यंत वेग वाढवत ताशी सोळा-अठरा मैलांवर आणायचा आणि तिथेच धरायचा. वेग कमी-जास्त होत राहिला तर शिकणाऱ्याला काहीच कळत नाही.

पाणी बोर्डाला ढकलायला लागतं तेव्हा प्रत्येक माणूस एकच चूक करतो: हात जवळ ओढून उठायला बघतो. गेल्या वर्षी माझी भाची सांगलीहून आली होती. लहानपणी कमरेला भोपळा बांधून विहिरीत पोहायला शिकलेली, पाण्याला मुळीच न घाबरणारी. सात वेळा पडली. सातही वेळा मी मागे बघत होतो आणि सातही वेळा तिची कोपरं वाकलेली होती. आठव्या वेळी तिला म्हटलं, “उठू नकोस. बस नुसती. उठायचं आलं तरी बसून राहा.” ती बसून राहिली. पाण्याचा एक फवारा तिच्या गुडघ्यांवरून वर गेला, बोर्ड आपसूक पाव वळसा फिरून बोटीच्या दिशेला झाला, आणि फवारा खाली आला तेव्हा ती उकिडवीच पाण्यावरून चालली होती, तोंड उघडं, आवाज नाही. दोन-तीन सेकंदांनी ती हळूहळू सरळ झाली. “मामा, अजून!” हे तिचे पहिले शब्द, अंगठा वर करायचा विसरूनच.

उभं राहिल्यावर मूठ पुढच्या पायाच्या बाजूला कमरेशी, नजर बोटीवर. पायाकडे बघितलं की पडलात. पडायचं ठरलं तर मूठ सोडा आणि अंग सैल ठेवा. बोटीने झटक्यात वळून यायचं नाही. वेग मंद करून सावकाश वळायचं, म्हणजे स्वतःच्याच लाटांनी पुढचा पट्टा नासत नाही. पाण्यातला माणूस नेहमी चालवणाऱ्याच्या बाजूला हवा, आणि तो चढेपर्यंत इंजिन बंद.

एकाला एका वेळी दहा-पंधरा मिनिटं पुरे. कोपराखाली हातांना पेटके येतात ते कळत नाही, कारण मजा येत असते. थकलेल्या माणसाची शेवटची फेरीच त्याला दुखवते. तीन जण असतील तर साडेतीन तासांत प्रत्येकाला तीन आवर्तनं आरामात मिळतात.

दहानंतर

सावलीची घळ शोधा आणि न्याहारी काढा. आमच्याकडे दशम्या, ठेचा, दह्याचा डबा आणि कोकम सरबताची मोठी बाटली असते. दशम्या उन्हात टिकतात, ब्रेड टिकत नाही. माणशी दिवसाला चार लिटर पाणी धरा. हवा इतकी कोरडी असते की घाम आल्याचं कळतही नाही. लांब बाह्यांचा पोहायचा सदरा, टोपी, दोरी लावलेला गॉगल आणि वाळूवर चालायला सपाता. तळपाय भाजतात.

दुपारी फिरा. रेनबो ब्रिज ही दगडाची प्रचंड नैसर्गिक कमान बोटीने गाठता येते, पण वाहवीपहून पल्ला मोठा आहे, तेव्हा वेगळा दिवस ठेवा. नवाहो आणि इतर आदिवासी समाजांसाठी ती पवित्र जागा आहे, कमानीखालून जाऊ नये अशी विनंती असते, ती पाळा. दक्षिणेकडचा काठ नवाहो भूमीचा आहे, तिथे वर भटकायला त्यांचा परवाना लागतो. कड्यावरून उड्या मारायचा उत्साह तरुणांना येतोच. इथे १५ फूट किंवा त्याहून उंच कड्यावरून उडी मारायला बंदी आहे.

परतताना

२०१३ पासून या तळ्यात क्वागा नावाचे परके शिंपले आहेत. ते बोटीला चिकटून दुसऱ्या तळ्यात जातात आणि तिथले पाण्याचे पाइप बुजवतात. म्हणून स्वतःची बोट असेल तर बाहेर काढल्यावर बुडाचं बूच काढून सगळं पाणी सांडायचं, घासायचं, वाळवायचं, आणि तपासणीला थांबायचं. वजनाच्या टाक्या असलेल्या बोटींची तपासणी जास्त कडक असते, कारण त्या टाक्या पूर्ण रिकाम्या होत नाहीत. भाड्याची बोट असेल तर ही कटकट वाचते, आणि पहिल्या वेळी भाड्याचीच घ्या म्हणायचं हेही एक कारण.

पेजहून दुपारी चारच्या आत निघा. फ्लॅगस्टाफपर्यंतचा रस्ता बराचसा नवाहो भूमीतून जातो, अंधारात गाई-घोडे रस्त्यावर येतात, आणि तुमच्या हातांत तोवर स्टिअरिंग घट्ट धरायचीही ताकद उरलेली नसते. जो पाण्यात उतरला नाही, त्याला गाडी चालवू द्या.